उष्टं

डोळ्यांत थेंब घालून मला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं आणि डोळे मिटून ठेवा म्हणून सांगितलं होतं, तेव्हा फोन वाजला. डोळे उघडून पाहिलं तर फोनच्या पडद्यावर नुसता पांढरा चट्टा. नाव वाचता आलं असतं तर मी तो उचलला नसता. "छोट्या मॅडम," पलीकडून आवाज आला, आणि मला अशी हाक मारणारा जगात आता एकच माणूस उरला आहे, त्यामुळे नाव वाचायची गरजच नव्हती. तो बगळा. आईचा पहिला विद्यार्थी, आता तिच्याच विभागाचा प्रमुख. मी शाळेत असताना त्याचं हे नाव ठेवलं होतं, कारण प्रयोगशाळेत काम करताना तो एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून उभा राहायचा. त्याला ते माहीत होतं आणि त्यानं कधी मनावर घेतलं नाही. "जरा काम होतं," तो म्हणाला. "गालाच्या आतून कापसाच्या बोळ्यानं थोडं पुसून घ्यायचंय. दोन मिनिटांचं काम. केव्हा येशील?" कुणाकडे तरी पेन मागावं तसं तो बोलला. मी विचारलं, कशाला? तो म्हणाला, "त्या पेशींचं जरा... ये तू. फोनवर नको." मग डॉक्टरणीनं आत बोलावलं, माझ्या डोळ्यांत दिवा रोखून आत खोलवर पाहिलं, आणि म्हणाली, "सगळं छान आहे की. काही झालेलं नाही तुम्हाला." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे.

आमच्या घरात 'त्या पेशी' एवढं म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नसे. मी पहिलीत असताना मला भाऊ झाला. त्याला मान धरता येत नव्हती, नीट दूध ओढता येत नव्हतं, आणि त्याच्याकडे पाहून हसलं तर त्याचे डोळे माझ्या कानाच्या बाजूनं कुठेतरी लांब जात. माणसाच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत बारीक पिशव्या असतात. पेशीतली जहाल द्रव्यं तिथे मोडून निरुपद्रवी केली जातात. शास्त्राच्या पुस्तकात अशा भागांना अंगक म्हणतात. आई पिशव्याच म्हणायची. भावाच्या पेशींत त्या नव्हत्या. त्या घडवायला लागणाऱ्या शेकडो गोष्टींतली एक गोष्ट त्याच्याकडे चुकीची आली होती, आणि एवढ्यानं त्याचं सगळं शरीर आतून विषानं भरत चाललं होतं. निदानासाठी त्याच्या कातडीचा तुकडा घेतला, आणि तुलनेला निरोगी भावंडाचा हवा म्हणून माझ्या दंडावरूनही घेतला. मला ती खोली नीट आठवते. हिरवट फरशी, पोटऱ्यांना चिकटणारी रेक्झिनची खुर्ची. मी रडले नाही. बाबा तसं म्हणाले, कौतुकानं म्हणाले, "बघ, रडलीसुद्धा नाही." आई माझ्या दंडावर बोळा दाबून धरून उभी होती, पण तिचं तोंड दाराकडे होतं, कारण दारापलीकडे भाऊ रडत होता. ती म्हणाली, "हिला रडायला काय झालंय? हिच्यात सगळं जागच्या जागी आहे."

भाऊ गेला तेव्हा त्याला वर्षही झालं नव्हतं. पण त्याचा तो तुकडा आईच्या प्रयोगशाळेत, चपट्या बाटलीच्या तळाशी, गुलाबी द्रवाखाली जगत राहिला. त्याआधी आई पानांतल्या हिरव्या कणांवर काम करायची आणि तिच्या विषयाबद्दल घरी कधी बोलायची नाही. भाऊ गेल्यावर तिनं विषय बदलला. वरिष्ठांनी सांगून पाहिलं की बाई, असं करू नये, आपलं दुःख टेबलावर मांडून काम होत नसतं. ती म्हणाली, "मग दुसरं कशावर होतं?" हे तिचं उत्तर पुढे विद्यार्थ्यांमध्ये सांगितलं जायचं. कुणी नवीन आलं की बगळा त्याला ते सांगत असे, आणि ऐकणाऱ्याचा चेहरा गंभीर व्हायचा. मी ते इतक्यांदा ऐकलं की पुढे माझा चेहराही आपोआप तसा व्हायला लागला. त्या वर्षांत तिच्या हातांना सतत स्पिरिटचा वास यायचा. जेवायच्या आधी ती टेबल स्पिरिटनं पुसायची, आणि आम्ही तो उडून जाईपर्यंत ताटं हातात धरून उभे असायचो. आई गेल्यानंतर परवा मी एकटी जेवायला बसले होते. घास तोंडाशी नेताना वास आला आणि कळलं की टेबल मी पुसलेलं होतं. कधी, ते आठवेना.

दवाखान्यातून निघून मी चालत आईच्या संस्थेकडे गेले. बाहुल्या ताणलेल्या होत्या, दुपारचं ऊन डोळ्यांत पिठासारखं उडत होतं. दुकानांच्या काचा, गाड्यांची टपं, कुणाच्या तरी मनगटावरचं घड्याळ, सगळं नको इतकं चकाकत होतं आणि कशालाच कडा नव्हती. सिग्नलला एका माणसानं मला कोपराला धरून रस्ता पार करून दिला. त्याला मी आंधळी वाटले असणार. मी त्याला तसं वाटू दिलं. चालताना मी बाबांचा विचार करत होते. आई गेल्यापासून मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जाते आणि ते रोज एकच विचारतात, "टाकी भरली का रे त्यांनी?" त्यातला 'रे' कुणाला असतो मला माहीत नाही. टाकी म्हणजे द्रवरूप नायट्रोजनची टाकी. त्यात आईनं जपलेल्या भावाच्या पेशींच्या कुप्या गोठवून ठेवल्या आहेत आणि तो द्रव उडून जातो म्हणून वरचेवर भरावा लागतो. बाबांनी जन्मभर पाणीखात्यात नकाशे काढले. टाकी, पातळी, गळती या गोष्टी त्यांना कळतात. पिशव्या त्यांना कधी कळल्या नाहीत. त्यांना एवढंच माहीत आहे की मुलगा तिथे आहे. मेलेला आहे हेही माहीत आहे, आणि तिथे आहे हेही. ही दोन्ही वाक्यं त्यांच्यात शेजारी शेजारी राहतात, एकमेकांची ओळख नसलेल्या भाडेकरूंसारखी. विभागात जुन्या टाक्या रिकाम्या करायला घेतल्यावर बाबा स्वतः टॅक्सी करून बगळ्याकडे गेले होते आणि त्याच्याकडून शब्द घेऊन आले होते की बाबा असेपर्यंत त्या पेशी ठेवायच्या. बगळ्यानं जास्त चांगला मार्ग काढला. त्यानं त्या पेशी जगभरच्या शास्त्रज्ञांसाठी पेशी जपून ठेवणाऱ्या एका मोठ्या संग्रहाकडे पाठवायचं ठरवलं. म्हणजे मग कुणाच्या असण्या-नसण्याचा प्रश्नच नाही, त्या कायमच्या राहतील. बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "कायमच्या म्हणजे?" आणि मी म्हटलं होतं, "कायमच्या, बाबा." ते त्या दिवशी पोटभर जेवले.

बगळ्याच्या खोलीत पडदे ओढलेले होते, ते बरं वाटलं. आईची खुर्ची त्यानं बदलली नव्हती, फक्त उंची वाढवली होती. त्यानं चहा मागवला, माझ्या डोळ्यांची चौकशी केली, बाबांची केली, सूक्ष्मदर्शकाच्या खोलीला आईचं नाव द्यायचं ठरतंय त्याबद्दल सांगितलं, आणि हे सगळं संपल्यावर कप बशीत ठेवताना म्हणाला, "संग्रहवाल्यांनी पेशी परत पाठवल्यात."

"का? मेल्या का?"

"नाही नाही. मस्त आहेत." तो हे जरा घाईनं म्हणाला. "ते लोक आधी ओळख पटवतात. आता नियमच आहे तसा. पूर्वी कोण बघत होतं? बाटलीवर लिहिलं ते नाव. तर ते म्हणतात की या मुलाच्या पेशी नाहीत."

"मग कुणाच्या?"

"मुलीच्या. आणि मॅडमच्या अपत्याच्या. मॅडमचं रक्त आपल्याकडे पूर्वीचं ठेवलेलं आहे, त्याच्याशी जुळतं." तो माझ्याकडे पाहत नव्हता. टेबलाच्या काचेखाली कसलं तरी वेळापत्रक होतं, ते वाचत होता. "अजून काहीच पक्कं नाही. म्हणजे कागदोपत्री पक्कं नाही. म्हणून म्हटलं, गालाचा नमुना."

मला हसू आलं. खरंच आलं, आणि ते आवरण्यासारखं नव्हतं. "मॅडमना मुली किती, ते तुम्हाला माहीत नाही?"

"छोट्या मॅडम, काय हे," तो म्हणाला.

हे कसं झालं असेल ते त्याला मला समजावून सांगायचं होतं, आणि तो सांगायला लागायच्या आधीच मला कळलं होतं. निरोगी कातडीच्या पेशी बाटलीत भराभर वाढतात. भावाच्या वाढत नव्हत्या. त्या तळाला चिकटून पडून राहायच्या, लांबट, कळाहीन. आई त्यांना भरवायची तेव्हा, घरी आजारी मुलाबद्दल बोलतात तसं म्हणायची, "आज पण काही घेतलं नाही त्यानं." अशा दुबळ्या पेशींसाठी एक जुना उपाय आहे. धडधाकट पेशींच्या बाटलीतला एकदा वापरलेला द्रव काढून घ्यायचा आणि तो दुबळ्यांना घालायचा. धडधाकट पेशी खाता खाता त्यात वाढीला लागणारं काहीबाही सोडत असतात, ते दुबळ्यांना आयतं मिळतं. आईला त्यासाठी शब्द सापडला होता. रात्रीच्या जेवणाला, माझ्या ताटात भाजी वाढता वाढता, तिनं मला तो सांगितला होता, "तुझं उष्टं घालते त्याला. तुझं उष्टं खाऊन वाढेल बघ तो." मी त्या काळात ताटात मुद्दाम थोडं टाकायला लागले होते. आई ओरडायची आणि मी तिला कारण सांगायचे नाही. तो वापरलेला द्रव घालायच्या आधी गाळून घ्यायचा असतो. गाळणीची छिद्रं इतकी बारीक लागतात की एकही पेशी त्यातून जाऊ नये. आईनं बगळ्याला हे पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. दोन माणसांच्या पेशींच्या बाटल्या कधी एकत्र उघडायच्या नाहीत, एकाची नळी दुसऱ्याला लावायची नाही, एकाला भरवून झालं की हात धुवायचे, जागा पुसायची, आणि मगच दुसरा. एका विद्यार्थ्यानं दोन झाकणं शेजारी शेजारी ठेवली म्हणून तिनं त्याचं महिन्याभराचं काम त्याच्यादेखत कचऱ्यात ओतलं होतं. "पण गाळल्यावर त्यातलं काही सत्त्व गाळणीतच राहतं, असं मॅडमना वाटायचं," बगळा म्हणाला. "त्या पेशींच्या बाबतीत त्या... म्हणजे त्या पेशींना भरवताना त्या आम्हाला खोलीत येऊ द्यायच्या नाहीत." त्यानं वाक्य तिथेच ठेवलं. गाळणीत राहणारा तो थेंबभर कस मुलाला मिळावा म्हणून तिनं गाळणं सोडून दिलं असणार. जगात ती एकाच जागी निष्काळजी झाली. त्या न गाळलेल्या उष्ट्यातून माझ्या दोन-चार पेशी त्याच्या बाटलीत उतरल्या. त्यांना काय माहीत. त्यांनी आपलं काम केलं.

मला तो दिवस आठवतो. आई दुपारीच घरी आली होती, असं ती कधी येत नसे. मी चौथीत असेन, जिन्यात बसून पायमोजे काढत होते. तिनं मला दप्तरासकट उचललं. मी उचलण्याच्या वयाची राहिले नव्हते, माझे बूट तिच्या मांड्यांवर आपटत होते, आणि ती माझ्या मानेत तोंड खुपसून म्हणत होती, "वाढतोय गं तो! अगं, वाढतोय!" तिच्या केसांना लोखंडी कपाटासारखा गार वास होता. त्या संध्याकाळी आम्ही तिघं बाहेर जेवलो. बाबांनी नवा शर्ट घातला होता आणि आईनं त्यांच्या विनोदाला हसताना टेबलावर हात आपटला होता. मी ज्याला सुख म्हणते आणि मुद्रितं तपासताना इतरांच्या पुस्तकांत तो शब्द आला की पेन्सिल क्षणभर थांबवते, त्याचं माझ्याकडचं माप म्हणजे ती संध्याकाळ. आज बगळ्याच्या अंधाऱ्या खोलीत बसून मी हिशेब लावला तर तो असा होता की त्या आठवड्यात, त्या बाटलीच्या तळाशी, मी माझ्या भावाला ढकलत ढकलत कोपऱ्यात नेत होते. मी वाढत होते आणि तिला तो वाढल्यासारखा दिसत होता. ती घरी धावत आली ते मला हे सांगायला, आणि तिनं मिठी मारली ती मला, आणि तरीही ती मिठी माझी नव्हती. किंवा होती. हे मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि विचार करायला बसले की दंड दुखतो, जो दुखायचं काही कारण नाही.

पुढचं सगळं त्या वाढीवर उभं राहिलं. त्या काळी शास्त्रज्ञांत वाद होता. बहुतेकांचं म्हणणं होतं की पेशीतली पिशवी फक्त आधीच्या पिशवीतूनच होते, आईपोटी लेक यावी तशी. मूळची नसेल तर नवी येणार नाही, कधीच नाही. आईचं म्हणणं होतं की येते. योग्य ती एक गोष्ट पेशीला परत दिली तर जिथे कधीच नव्हती तिथेही पिशवी शून्यातून घडू शकते. आता मला कळतं की तिला हे खरं असायला हवंच होतं. तिनं भावाच्या पेशींना ती चुकलेली गोष्ट परत दिली, आणि काही दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली रंगवलेल्या पिशव्यांचे हिरवे ठिपके दिसले. त्या दोन छायाचित्रांनी तिला सगळं दिलं. पहिलं काळं, रिकामं. दुसरं हिरव्या ठिपक्यांनी भरलेलं. ती आमच्या घरात जेवणाच्या टेबलासमोर फ्रेम करून लावली आहेत. भावाचा दुसरा फोटो घरात नाही, बाबांना तो चेहरा बघवत नसे. पाहुणे विचारत, हे काय हो, आणि बाबा दुसऱ्या चौकटीवर बोट ठेवून सांगत, "हा आमचा मुलगा. बरा झाल्यावर." मी त्या चौकटीखाली बसून शाळेचा सगळा अभ्यास केला, तिथेच माझ्या लग्नाची बोलणी झाली आणि ते लग्न मोडल्याचंही मी तिथेच बसून सांगितलं. ते ठिपके माझे होते. पहिलं चित्र तेवढं त्याचं असेल, अगदी सुरुवातीचं, शेवटचे काही उरलेले असताना.

"तेव्हा कुणी शंका घेतली नाही?" मी बगळ्याला विचारलं. खरं तर मला माहीत होतं. ती गोष्टही आमच्या घरात सांगितली जायची. परदेशातल्या मोठ्या सभेत एक म्हातारा शास्त्रज्ञ उठला होता. यातला पंडित. त्यानं अतिशय सौम्यपणे विचारलं होतं की बाई, सुरुवातीला या पेशींत एकही पिशवी नव्हती, याची तुम्हाला खात्री आहे का? दुसऱ्या कुठल्या पेशी त्यांत मिसळल्या नसतील? आणि आई व्यासपीठावरून म्हणाली होती, "तो माझा मुलगा आहे. त्याच्यात काय नव्हतं ते मला माहीत आहे." म्हातारा खाली बसला. नंतर त्यानं जेवणाच्या वेळी येऊन तिची क्षमा मागितली म्हणे. बगळा तिथे होता, छायाचित्रं बदलायला. तो नेहमी ही गोष्ट सांगताना या ठिकाणी थांबायचा. आज तो म्हणाला, "त्यांचा प्रश्न बरोबर होता गं," आणि नाक शिंकरलं. मग एकदम उजळून म्हणाला, "पण मॅडमपण बरोबरच होत्या! नंतर कितीतरी जणांनी इतर मुलांच्या पेशींवर तेच दाखवलं. स्वच्छ. शंकेला जागा नाही. शास्त्राचं काही म्हणता काही बिघडत नाही. फक्त पुरावा तेवढा..." त्या छायाचित्रांच्या शोधनिबंधावर दुसरं नाव त्याचं आहे. निवृत्तीला त्याला थोडेच दिवस राहिले आहेत. म्हणून मी पुढचं त्याच्या तोंडून वदवून घेतलं, कारण मला ते ऐकायचं होतं. "मी नमुना दिला नाही तर?"

"तर कोण काय करणार? जबरदस्ती करताच येत नाही." त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. माझ्या ताणलेल्या बाहुल्यांत त्याला नुसता काळोख दिसला असेल. "मी लिहून टाकेन की जुना साठा, ओळख पटली नाही, टाकून दिला. बाबांना सांगू, तिकडे पोचल्या. खोलीला नाव लागेल. झालं."

"आईला माहीत होतं?"

त्याचे खांदे हलले. मग त्यानं सांगितलं की ओळख पटवायची चाचणी जेव्हा स्वस्त झाली तेव्हा विभागातल्या सगळ्यांनी आपापल्या पेशी तपासून घेतल्या. आईनंच तो नियम केला होता. आणि तिची पाळी आली तेव्हा ती म्हणाली होती, "घरच्या माणसांना ओळखपत्र कसलं मागता?" सगळे हसले. "मॅडम विनोद कमी करायच्या, त्यामुळे लक्षात राहिलं." मी ते वाक्य घरी नेण्यासाठी नीट घडी घालून ठेवलं, आणि अजून उलटंसुलटं करून बघते आहे. तिला माहीत असेल तर ती पंचवीस-तीस वर्षं रोज सकाळी उठून माझ्या पेशींना त्याच्या नावानं हाक मारत होती. माहीत नसेल तरी तेच करत होती. शेवटच्या आठवड्यात, औषधांच्या गुंगीत, तिनं माझं मनगट पकडून विचारलं होतं, "त्यांना खाणं घातलं का कुणी?" मी ऑफिसातून थेट आले होते, सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. मी म्हटलं, "घातलं, आई." तिनं लगेच मनगट सोडून दिलं.

"आणि माझ्याच निघाल्या," मी विचारलं, "तर ठेवाल का? एखादी कुपी?"

बगळ्यानं हा प्रश्न अपेक्षिला नव्हता. "विभागाला उपयोग नाही. पण घरच्यांनी म्हटलं तर ठेवीन की. मी आहे तोवर, आणि नंतरच्यालाही सांगून जाईन. तू बाबांना विचार. ते म्हणतील तसं."

मी नमुना दिला. बोळा मी स्वतःच फिरवला, जोरात, गालाची आतली कड खरवडून निघेल असा. कापसाला चव नव्हती. आईचं नाव खाली येईल, बगळ्याचं येईल, तो म्हातारा शास्त्रज्ञ आता कुठल्याशा थडग्यात असेल आणि त्याला काही कळायचं नाही. मी हे सत्यासाठी केलं असं कुणी म्हणालं तर मी नाही म्हणणार नाही, पण ते खोटं असेल. इतक्या वर्षांत जिथे जिथे मी होते, तिथे एकदा तरी माझं नाव लिहिलेलं मला बघायचं होतं, मग ते आईच्या निबंधातली चूक दुरुस्त करणाऱ्या टिपणात का असेना. उत्तर यायला काही दिवस लागले. त्या दिवसांत मी दुसऱ्याच कुणाच्या तरी कादंबरीची मुद्रितं तपासली आणि रोज संध्याकाळी बाबांना सांगितलं की टाकी भरली. मग बगळ्याचा फोन आला. तो फक्त "हो" म्हणाला.

बाबांच्या जिन्यात मी तीन मजले निरनिराळी वाक्यं तयार करत चढले. पोचल्या, बाबा. नीट पोचल्या. तिथल्या लोकांनी कळवलंय. यातलं कुठलंही एक पुरेसं होतं आणि त्यांच्या वयाच्या माणसाला त्याहून जास्त काही द्यायची गरज नसते. त्यांनी दार उघडलं आणि मी आत येऊन चपला काढत होते, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "काय म्हणतोय तो?" आणि मला जाणवलं की आत्ताचा 'तो' म्हणजे बगळा की भाऊ, हे मला कळलेलं नाही, आणि बाबांनाही ते कळून घ्यायची गरज वाटत नाही. मी त्यांना खुर्चीत बसवलं. समोर बसले. सांगितलं. मुलाच्या बाटलीत मुलीच्या पेशी कशा गेल्या ते मी अगदी सोपं करून सांगितलं, पाण्याच्या दोन टाक्यांचं उदाहरण घेऊन, मधला पडदा कसा राहून गेला ते. ते चांगलं ऐकत होते. एकदा मध्येच म्हणाले, "झडप नव्हती म्हण की."

"हो. झडप नव्हती."

"मग तो कुठे गेला?"

"संपला, बाबा. तेव्हाच. मी शाळेत होते तेव्हा."

"सगळ्या कुप्या बघितल्या? एकीतही नाही? तळाशी-बिळाशी?"

"सगळ्या बघितल्या. सगळ्यांत मीच आहे."

ते आपल्या हातांकडे पाहायला लागले. नकाशे काढणाऱ्याचे हात, अजून स्थिर. मी थांबले होते. ते रडतील याची मी तयारी केली होती, चिडतील याचीही, आईला काही बोलतील याचीही. आणि या सगळ्या तयारीच्या मागे, मला स्वतःलाही न दाखवता, मी आणखी एक गोष्ट धरून बसले होते. ती अशी की ते मान वर करतील, मला जरा नीट बघतील, आणि म्हणतील की असू दे, ठेवायला सांग. मी तोंडानं एवढंच म्हटलं, "तो म्हणतो, तुम्ही सांगाल तसं. एखादी ठेवायची तर ठेवेल."

त्यांनी मान वर केली. आवाजात राग नव्हता, दुःखही फारसं नव्हतं. बंद पडलेल्या नळाबद्दल बोलतात तसं बोलले. "तुझ्या ठेवून काय करायचंय? तू आहेसच की इथे. टाकून द्या म्हणावं."

मी त्यांच्यासमोरच फोन लावला. बगळ्यानं दोनदा विचारलं, नक्की का, तुझ्या आहेत त्या आता, तुझं स्वतःचं काय मत? मी म्हटलं, टाकून द्या. मग फोन ठेवला आणि बाबांकडे पाहिलं. ते मान डोलवत होते, हलके हलके, बरेच दिवस रखडलेली एखादी दुरुस्ती उरकल्यासारखे.

"शहाणी आहेस," ते म्हणाले.